बेल वाजली, पण दाराशी पाहुणा नाही: रिव्हर्स कॅमेऱ्याची वायरिंग समजून घेताना

आमचं घर नागपूरच्या महाल भागात, बडकस चौकातून आत शिरणाऱ्या एका गल्लीत. गल्ली इतकी चिंचोळी की समोरून हातगाडी आली तर दोघांपैकी एकाला मागं सरावं लागतं, आणि हातगाडीवाला मागं सरल्याचं आजवर कुणी पाहिलेलं नाही. गाडी रस्त्याला लावायची म्हणजे साठेक फूट रिव्हर्स. एका बाजूला नाली, दुसऱ्या बाजूला कुणाची ना कुणाची स्कूटर. बाबांची मान वळेनाशी झाली तेव्हा आमच्या जुन्या हॅचबॅकला मार्चमध्ये रिव्हर्स कॅमेरा बसवून घेतला. एप्रिलभर छान चालला. मे लागला, पारा पंचेचाळीसच्या वर गेला आणि एका दुपारी बाबांनी रिव्हर्स टाकला तर स्क्रीन नुसती निळी.

"मागं फक्त आभाळ दिसून रायलं," ते म्हणाले.

ज्या दुकानातून बसवला होता तिथल्या माणसाने गाडीत डोकंही न घालता निदान केलं: कॅमेरा उडाला, नवीन घ्या. मला ते पटलं नाही. गल्लीतच एक ऑटो इलेक्ट्रिशियन राहतात, सगळे त्यांना भाऊच म्हणतात. त्यांच्या ओट्यावर बसून दोन संध्याकाळी ही वायरिंग समजून घेतली. कॅमेरा ठणठणीत होता. बिघाड कुठे होता ते ओघात येईलच, पण आधी हे सगळं चालतं कसं ते सांगतो, कारण एवढं कळलं की कुठलाही दुकानदार तुम्हाला उगाच नवा कॅमेरा विकू शकणार नाही.

रिव्हर्स कॅमेऱ्यात स्टिरिओकडे, म्हणजे गाणी लावायच्या त्या पुढच्या स्क्रीनकडे, दोन वेगवेगळे निरोप जातात. पहिला निरोप: "गाडी रिव्हर्समध्ये आहे, गाणी बाजूला ठेव, कॅमेऱ्याचं चित्र लाव." याला ट्रिगर म्हणतात. दुसरा निरोप म्हणजे खुद्द चित्र. ट्रिगर म्हणजे दारावरची बेल आणि चित्र म्हणजे दाराशी आलेला पाहुणा असं समजा. दोन्ही वेगळ्या वायरीतून येतात, त्यामुळे एक पोचला आणि दुसरा नाही असं सहज होतं. बेल वाजली, दार उघडलं, बाहेर कुणी नाही: स्क्रीन निळी किंवा काळी होते, किंवा "नो सिग्नल" लिहून येतं. उलट पाहुणा दाराशी ताटकळतोय पण बेलच वाजली नाही: रिव्हर्स टाकला तरी गाणं आपलं चालूच. आमच्याकडे निळी स्क्रीन येत होती. म्हणजे ट्रिगरची वायर ठीक होती आणि शोध कॅमेऱ्याच्या करंटचा किंवा व्हिडिओच्या वायरीचा घ्यायचा होता. अर्धी गाडी उघडण्याची गरज तिथेच संपली.

आता करंट. बाजारात मिळणाऱ्या साध्या कॅमेऱ्याला मागून दोन गोष्टी लागतात: बारा व्होल्ट आणि अर्थ, म्हणजे करंटला परतीचा रस्ता. लाल वायर करंटची, काळी अर्थची. कॅमेरा फक्त रिव्हर्समध्येच चालू व्हायला हवा, आणि गाडीत नेमक्या त्याच वेळी करंट मिळणारी एक वस्तू आधीपासून आहे, ती म्हणजे रिव्हर्सची पांढरी लाइट. चावी ऑन केली की फ्यूजमधून करंट गिअरबॉक्सवरच्या एका छोट्या स्विचपर्यंत येऊन थांबतो. गिअर रिव्हर्समध्ये पडला की स्विच जुळतो आणि करंट मागच्या बल्बापर्यंत धावतो. त्या बल्बाच्या शेजारी, त्याच वायरीवर कॅमेऱ्याची लाल वायर जोडली की काम झालं. इंजिन सुरू असायची गरज नाही. चावी ऑन, हँडब्रेक ओढलेला, गिअर रिव्हर्समध्ये, एवढ्यावर सगळं तपासता येतं. ऑटोमॅटिक गाडीत ब्रेकवर पाय ठेवून आर लावायचा. तपासताना गाडीच्या मागे, म्हणजे कॅमेऱ्यासमोर, कुणालाही उभं करू नका. हे सांगायची गरज का पडते ते आमच्या गल्लीतल्या पोट्ट्यांना स्क्रीनवर आपलं तोंड बघायची किती हौस आहे हे पाहिल्यावर कळतं.

मागच्या दिव्याच्या कपलरमध्ये, म्हणजे वायरी जोडणाऱ्या प्लास्टिकच्या सॉकेटमध्ये, मात्र चार-पाच वायरी असतात: पार्किंगची, ब्रेकची, इंडिकेटरची, रिव्हर्सची आणि अर्थची. यातली रिव्हर्सची कोणती हे रंगावरून ठरवू नका. कंपनीगणिक रंग बदलतात, कधी एकाच मॉडेलच्या दोन वर्षांत बदलतात. टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर घ्यायचा आणि अशी वायर शोधायची जिच्यात गिअर रिव्हर्सला असतानाच बारा व्होल्ट येतात आणि न्यूट्रलला शून्य. मग हेडलाइट लावून, ब्रेक दाबून, इंडिकेटर देऊन त्याच वायरीत काही येत नाही ना हेही बघायचं. हा दुसरा भाग लोक हमखास सोडतात. ओळखीच्या एका काकांच्या गाडीत कॅमेरा चुकून ब्रेकच्या वायरीला जोडला होता. वर्धा रोडवर ब्रेक दाबला रे दाबला की स्क्रीनवर मागचा ट्रक हजर. काकांना ते आवडायलाही लागलं होतं, "मागचा किती जवळ आला ते समजते ना!" असं त्यांचं म्हणणं. पण ब्रेक दाबताना डोळे समोर हवेत की नकोत? आणखी एक: बऱ्याच गाड्यांत रिव्हर्स लाइट एकाच बाजूला असते, त्यामुळे दुसऱ्या बाजूच्या कपलरमध्ये तासभर शोधत बसू नका.

बल्बाच्या वायरीवर कॅमेऱ्याचा भार पडेल का, हा बाबांचा प्रश्न होता आणि तो रास्त आहे. रिव्हर्सचा जुना बल्ब साधारण १६ किंवा २१ वॅटचा असतो. २१ वॅट भागिले १२ व्होल्ट म्हणजे पावणेदोन अँपिअर. कॅमेरा जेमतेम एक-दोन वॅट खातो, म्हणजे शंभरेक मिलिअँपिअर. जेवणावळीच्या पंगतीत एक लहान मूल जास्तीचं बसल्यासारखं. तरीही कॅमेऱ्याच्या लाल वायरीवर एक अँपिअरचा छोटा फ्यूज लावून घ्या. गाडीत आधीच फ्यूज आहे, मग दुसरा कशाला? तर गाडीचा दहा-पंधरा अँपिअरचा फ्यूज गाडीच्या जाड वायरीला वाचवतो. कॅमेऱ्याची वायर केसासारखी बारीक. ती कुठे चिरडून बॉडीला टेकली तर गाडीचा फ्यूज उडायच्या आधी ती वायरच लाल होईल. आणि आपल्याकडे उंदीर आहेत. इंजिनमधली वायर कुरतडणारा उंदीर डिक्कीतली का सोडेल?

आता आमची निळी स्क्रीन. भाऊंनी दिव्याचे दोन स्क्रू काढले, दिवा बाहेर ओढला. आत गाडीची रिव्हर्सची वायर मधेच छिलली होती आणि तिच्यावर कॅमेऱ्याची लाल आणि ट्रिगरची लाल अशा दोन वायरी पीळ देऊन गुंडाळल्या होत्या, वरून काळी टेप. त्या टेपला बोट लावलं तर ती सालीसारखी सुटून आली. आतला गोंद वितळून चिकट काळं मेण झाला होता. कॅमेऱ्याची वायर पिळातून निसटून शेजारी लोंबत होती, ट्रिगरची मात्र अजून धरून होती. म्हणून बेल वाजत होती, पाहुणा नव्हता.

नागपुरात हे होणारच. उन्हात उभ्या गाडीच्या पत्र्याला हात लावून बघा, आतल्या पोकळीत काय होत असेल ते कळेल. साधी पीव्हीसी टेप असल्या तापात टिकत नाही. तिचा गोंद पातळ होऊन सरकतो, आणि पावसाळ्यात त्याच फटीतून पाणी शिरून तांबं हिरवं पडतं. जोड टिकवायचा तर सोल्डर करून वर हीट श्रिंकची, म्हणजे गरम केली की आवळून बसणारी नळी चढवायची, किंवा योग्य मापाचा क्रिम्प (दाबून बसवायची धातूची नळी) दाबून वर हीट श्रिंक. त्यावर सुती हार्नेस टेप, कंपनीच्या वायरिंगवर असते तशी. निळ्या-लाल प्लास्टिकच्या ज्या चिमट्या वायर न छिलता टोचून जोडतात, त्या बारीक वायरीवर अर्धवट बसतात आणि हादऱ्यांनी सैल होतात. मी त्या वापरू देत नाही. सगळ्यात उत्तम म्हणजे गाडीच्या मूळ कपलरमध्ये बसणारा तयार कपलर. गाडीची एकही वायर कापायची नाही, मधे एक जोड घालायचा. गाडी वॉरंटीत असेल तर याच्याखेरीज दुसऱ्या कशाला हो म्हणू नका, कारण कापलेली वायर दिसली की विजेच्या कुठल्याही तक्रारीचं बिल तुमच्यावर येऊ शकतं.

भाऊंनी जोड नीट केला, रिव्हर्स टाकला, चित्र आलं. बाबा खूश. मी इंजिन सुरू केलं आणि चित्रावर आडव्या रेघा खालून वर सरकायला लागल्या. रेस दिला की रेघा वाढायच्या.

"आता काळी वायर दाखवा," भाऊ म्हणाले. "लाल तर सगळेच पाहतात."

गाडीत बॅटरीचं मायनस टोक सरळ पत्र्याला जोडलेलं असतं, त्यामुळे सगळी बॉडीच परतीचा रस्ता होते. याला अर्थ किंवा बॉडी म्हणतात. (जमिनीतल्या अर्थिंगशी याचा काही संबंध नाही, टायर रबराचे असतात.) कॅमेऱ्याची काळी वायर या पत्र्याला घट्ट टेकली पाहिजे. आमच्या गाडीत ती डिक्कीतल्या एका स्क्रूखाली दाबली होती, दिसायला अगदी व्यवस्थित. पण तो स्क्रू रंगावर बसला होता. रंग म्हणजे इन्सुलेशन. करंटला पत्रा दिसतच नव्हता.

मग दोन महिने कॅमेरा चालला कसा? ही गंमत मला फार आवडली. व्हिडिओच्या पिवळ्या पिनेची वायर दोन पदरी असते: मधे चित्राची तार आणि तिच्याभोवती जाळीचं वेष्टन. ते वेष्टनही स्टिरिओच्या बाजूने अर्थला जोडलेलं असतं, आणि कॅमेऱ्याच्या आत काळी वायर आणि वेष्टन एकच. त्यामुळे काळी वायर हवेत लोंबत असली तरी कॅमेऱ्याचा करंट व्हिडिओच्या वेष्टनातून, सहा मीटरचा वळसा घेत, स्टिरिओमार्गे परत जातो. कॅमेरा चालतो. पण चित्राचा संकेत जेमतेम एक व्होल्टाचा, आणि त्याच्याच वाटेवर आता अल्टरनेटरची (इंजिनवर फिरून वीज बनवणाऱ्या यंत्राची) खरखर असलेला परतीचा करंट चालतोय. दोघांची धक्काबुक्की म्हणजे त्या सरकत्या रेघा.

भाऊंनी हे मीटरवर दाखवलं. चावी बंद. मीटर ओहमवर, एक टोक काळ्या वायरीच्या लगला (टोकाच्या धातूच्या कडीला), दुसरं बिजागरीजवळच्या खरवडलेल्या पत्र्याला. आकडा जवळजवळ शून्य, म्हणजे सगळं ठीक! मग त्यांनी व्हिडिओची पिवळी पिन उपटली आणि पुन्हा तेच मोजलं. मीटर ओपन, म्हणजे जोडच नाही. म्हणजे पहिला शून्य पिवळ्या पिनेतून फिरून आला होता. अर्थ तपासायचा तर व्हिडिओची पिन काढूनच, नाहीतर मीटर तुम्हाला खोटं समाधान देतो. नंतर त्यांनी दिव्याच्या मागे बॉडीचा एक कारखान्यातला अर्थचा बोल्ट शोधला, त्याखाली लग घालून दहा नंबरच्या पान्याने आवळला. रेघा गेल्या. डिक्कीच्या झाकणावर अर्थ घेऊ नका, असंही ते म्हणाले, कारण झाकण बॉडीला बिजागऱ्यांनी जोडलेलं असतं आणि ग्रीस-गंज चढलेल्या बिजागरीवर भरवसा नाही.

वायर पुढे नेण्याचं काम कंटाळवाणं, पण त्यात एकच जागा खरी नाजूक आहे. हॅचबॅकमध्ये कॅमेरा झाकणावर आणि दिवे बॉडीवर. मधे वायरींसाठी एक रबराची सुरकुतलेली नळी असते, कंपनीच्या वायरी तिच्यातूनच जातात. घाईत काम करणारा माणूस ती नळी टाळतो आणि वायर नुसती बीडिंग रबराखालून आत ओढतो. रोज झाकण आपटलं की वायर थोडी थोडी चिरते, आणि पहिल्या पावसात तिथूनच पाणी आत. नळीची टोकं सोडवून, थोडा साबण लावून वायर आत सरकवायला अर्धा तास जातो. तो अर्धा तास मागून घ्या. पुढे वायर दारांच्या खालच्या प्लास्टिकच्या पट्टीखालून नेतात. वरून, छताच्या कडेने नेऊ नका. पडद्यासारख्या उघडणाऱ्या एअरबॅग असलेल्या गाड्यांत त्या तिथेच दडलेल्या असतात, आणि खांबांच्या आवरणातही. पिवळ्या रंगाचा कपलर दिसला की तो एअरबॅगचा समजून हात मागे घ्यायचा, त्याला टेस्ट लॅम्प तर अजिबात लावायचा नाही. कामाआधी बॅटरीचं मायनस काढून काही मिनिटं थांबणं शहाणपणाचं. उरलेली वायर मागच्या सीटखाली गुंडाळून ठेवतात, पण तिथे स्क्रू ठोकू नका, कारण कितीतरी गाड्यांत पेट्रोलचा पंप तिथेच खाली असतो.

पुढच्या टोकाला दोन जोड. पिवळी पिन स्टिरिओच्या मागच्या "कॅम" किंवा "कॅमेरा इन" लिहिलेल्या पिनेत. शेजारी "व्हिडिओ इन" किंवा "व्हिडिओ आउट"ही असतात, दिसायला हुबेहूब, आणि चुकून त्यात घुसवणं हा फार सामान्य प्रकार आहे. दुसरा जोड ट्रिगरचा. कॅमेऱ्यासोबत येणाऱ्या लांब व्हिडिओ केबलला एक बारीक लाल वायर चिकटलेली असते, ती दोन्ही टोकांना बाहेर येते. लोक तिला फालतू समजून कापतात. ती बेलची वायर आहे: मागे रिव्हर्स लाइटच्या करंटला, पुढे स्टिरिओच्या "बॅक" किंवा "रिव्हर्स" लिहिलेल्या वायरीला. ऑटोमॅटिक गाडीत पार्कमधून डीला जाताना क्षणभर आरवरून जावं लागतं, तेव्हा स्क्रीन एकदा लुकलुकते. तो बिघाड नाही. अँड्रॉइड स्टिरिओ असेल तर आणखी एक चाचणी: सकाळी गार गाडी सुरू करून लगेच रिव्हर्स टाका. काही स्टिरिओ जागे व्हायलाच वेळ घेतात आणि तोवर तुम्ही अर्धी गल्ली मागे गेलेले असता. अमेरिकेत १ मे २०१८ पासून नव्या हलक्या गाड्यांना मागचा कॅमेरा सक्तीचा आहे आणि तिथल्या नियमात चित्र दोन सेकंदांच्या आत यायला हवं असंच लिहिलंय. आपल्याकडे १ जुलै २०१९ पासून नव्या कारना मागचे पार्किंग सेन्सर सक्तीचे झाले, कॅमेरा नाही. त्यामुळे इथे कॅमेरा बाहेरून बसवायचा बाजार जोरात आहे.

आता सगळ्यात नवं दुखणं. वायर बरोबर, करंट बरोबर, अर्थ बरोबर, तरी चित्र काळं-पांढरं, किंवा वर-खाली गरगरणारं, किंवा काहीच नाही. अशा वेळी भाषा जुळत नसते. आपल्याकडे १९८२ साली एशियाडच्या वेळी टीव्ही रंगीत झाला तो पाल पद्धतीने: ६२५ रेषा, सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानची एनटीएससी पद्धत ५२५ रेषांची, सेकंदाला तीसच्या आसपास चित्रं. कॅमेरा एनटीएससी आणि स्टिरिओ पालवर अडून बसलेला असेल तर रंग जातो किंवा चित्र फिरतं. त्याहून मोठा घोळ एएचडी कॅमेऱ्यांचा. ते ७२० किंवा १०८० रेषांचं स्वच्छ चित्र पाठवतात, पण त्याच पिवळ्या पिनेतून. पिन बसते म्हणून आपल्याला वाटतं जुळलं. जुन्या स्टिरिओला ती भाषाच कळत नाही. नव्या स्टिरिओत सेटिंगमध्ये सीव्हीबीएस (म्हणजे जुनं साधं चित्र) की एएचडी, पाल की एनटीएससी हे निवडता येतं, आणि दुकानातून परतलेले कितीतरी "खराब" कॅमेरे एवढ्या एका बटनाने सुधारतील. खरेदीच्या आधी स्टिरिओ काय वाचतो ते विचारा, मगच कॅमेरा घ्या. मला हा क्रम उशिरा कळला.

म्हणून बसवायच्या आधी कॅमेरा घरी तपासा. भाऊंनी शिकवलेली ही युक्ती मी सगळ्यांना सांगत सुटतो. जुन्या राउटरचा किंवा सेटटॉप बॉक्सचा बारा व्होल्टचा अडॅप्टर घ्या, प्लस-मायनस मीटरने बघून लाल-काळी वायर जोडा, पिवळी पिन जुन्या टीव्हीच्या एव्ही सॉकेटमध्ये लावा. साधा कॅमेरा असेल तर स्वयंपाकघर टीव्हीवर दिसेल. एएचडी असेल तर टीव्ही गप्प राहील, म्हणजे तेही कळलं. मग कॅमेऱ्यासमोर पेपर धरा. अक्षरं उलटी दिसली तर घाबरू नका, रिव्हर्स कॅमेरा तसाच हवा. आरशासारखं चित्र असलं तरच डावीकडची नाली स्क्रीनवरही डावीकडे राहते. अक्षरं सुलटी दिसली तर तो पुढे लावायचा कॅमेरा किंवा तसं सेटिंग आहे. बऱ्याच कॅमेऱ्यांच्या वायरीवर एक-दोन छोटे फेरे सोडलेले असतात, एक कापला की चित्र उलटतं, दुसरा कापला की रेषा जातात. कुठला कशासाठी ते त्याच्या कागदावर वाचूनच कात्री लावा, पुन्हा जोडायचं म्हटलं तर बोटभर जागेत सोल्डर करावं लागतं.

एलईडी दिवे आणि सगळीकडे कॉम्प्युटर असलेल्या नव्या गाड्यांत वरचं सगळं सरळ चालेलच असं नाही. काही गाड्या बल्ब शाबूत आहे का ते तपासायला दिव्याच्या वायरीत बारीक झटके पाठवत राहतात, किंवा पूर्ण करंट न देता तो भराभर चालू-बंद करतात. बल्बाला फरक पडत नाही, कॅमेरा मात्र लुकलुकतो. तिथे मधे फिल्टर किंवा रिले, म्हणजे थोड्याशा करंटने चालणारा स्विच, लागतो. साध्या रिलेत ८५ आणि ८६ या पिना आतल्या तारेच्या गुंडाळीच्या, ३० वर फ्यूजमधून आलेला करंट, ८७ वर कॅमेरा. रिव्हर्स लाइट फक्त रिलेला हाक मारते, करंट दुसरीकडून येतो. पण झटके मारणाऱ्या वायरीवर नुसता रिले टकटक वाजत बसतो, म्हणून फिल्टरवालाच घ्यायचा. अशी गाडी असेल तर मी तरी स्वतः हात घालणार नाही.

बिनतारी कॅमेऱ्याबद्दल लोक विचारतात. बिनतारी असतं ते फक्त चित्र. मागे करंट आणि अर्थ लागतातच, पुढेही रिसीव्हरला लागतात. वाचते ती फक्त मधली सहा मीटर वायर. त्या बदल्यात चित्र मधेच तुटतं, कारण बहुतेक संच २.४ गिगाहर्ट्झवर चालतात आणि महालात घराघरातला वायफायही तिथेच गर्दी करून असतो.

कॅमेरा लावायची जागा ठरवताना नंबर प्लेट झाकली जाऊ देऊ नका. प्लेटच्या चौकटीतच कॅमेरा असलेले संच मिळतात, पण आता एचएसआरपी प्लेट न उघडणाऱ्या कुलूप-रिव्हेटने ठोकलेली असते, ती काढून चौकट घालणं जमत नाही. प्लेटवरच्या दिव्याशेजारी, झाकणाच्या हँडलखाली जागा बघा. भोक पाडलं तर त्याच्या कडेला रंग लावल्याशिवाय कॅमेरा बसवू देऊ नका, पहिल्या पावसात गंज तिथूनच सुरू होतो. वायर आत जाण्याआधी तिला खाली एक छोटा झोल द्या, म्हणजे पाणी वायरीवरून ओघळत आत न जाता झोलाच्या तळाशी टपकतं. आणि आयपी ६७ लिहिलंय म्हणून वॉशिंग सेंटरच्या पोराला कॅमेऱ्यावर प्रेशरचा पाइप रोखू देऊ नका. त्या आकड्यांचा अर्थ धूळ आत जात नाही आणि मीटरभर पाण्यात अर्धा तास बुडवला तरी चालतं, एवढाच आहे. जोराच्या फवाऱ्याचं आश्वासन त्यात नाही.

राहिल्या त्या लाल-पिवळ्या-हिरव्या रेषा. साध्या कॅमेऱ्यात त्या कॅमेऱ्याच्याच डोक्यात कोरलेल्या असतात. गाडी किती रुंद आहे, कॅमेरा किती उंचीवर बसलाय, याची त्यांना खबर नसते. त्यातून रुंद भिंगाने सगळं खऱ्यापेक्षा लांब वाटतं. एका रविवारी सकाळी, उन्हं चढायच्या आत, मी आणि बाबांनी गाडी रस्त्यावर सरळ उभी केली, हँडब्रेक ओढला आणि बंपरपासून टेप लावून खडूने एक, दोन, तीन, पाच फुटांवर आडव्या रेघा मारल्या. मग मी गाडीत बसलो आणि बाबा एकेका रेघेवर वीट ठेवत गेले. दोन फुटांवरची वीट स्क्रीनवर लाल रेषेच्या आत दिसली, तीन फुटांवरची बाहेर. वीट सरकवत सरकवत आमची लाल रेषा अडीच फुटांवर निघाली. कॅमेऱ्याच्या डब्यावर याबद्दल एक अक्षर नव्हतं.

बाबांनी त्याच दिवशी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या कागदाची एक पट्टी कापून स्क्रीनखाली चिकटवली. त्यांच्या ठसठशीत अक्षरात: "लाल रेघ म्हणजे अडीच फूट. हातगाडी असल्यास थांबणे."